किमोच्या मळमळीवर आलं: किती, कसं आणि कोणाला नाही?

उंबरठा:

नमस्कार मंडळी. प्रश्न बाबांसाठी आहे. फुफ्फुसाचा कर्करोग आहे. सिस्प्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड अशी किमो सुरू झाली असून पहिली सायकल, म्हणजे औषधाची पहिली फेरी, पार पडली. दुसरी तोंडावर आली आहे.

किमोच्या दिवशी मी उलट्यांच्या धास्तीने टॉवेल, पिशव्या, जादा कपडे सगळं घेऊन गेले होते. काही म्हणजे काही झालं नाही. सलाईन चालू असताना बाबा शेजारच्या पलंगावरच्या काकांशी राजकारणावर तावातावाने भांडत होते. घरी येऊन नेहमीसारखे जेवले, रात्री उशिरापर्यंत जागे होते. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून जे सुरू झालं ते नंतर बरेच दिवस पुरलं. उलटी एखाददुसरीच, पण मळमळ थांबेना. खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसायचे. काय होतंय विचारलं की "काही नाही गं, नुसतं ढवळतंय." स्वयंपाकघराचं दार उघडलं तरी तोंड फिरवायचे. पाणीसुद्धा घोट-घोट, तेही मी मागे लागले तर.

डॉक्टरांना फोन करू का म्हटलं, तर "किमोत हे होणारच, त्यांना कशाला त्रास" हे ठरलेलं उत्तर.

ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांनी आलं सांगितलं. म्हणून चांगलं भरपूर आलं ठेचून, निम्मं पाणी आटेपर्यंत उकळून काढा केला. दोन घोट घेतले आणि पेला सरकवला. छातीत जळजळतं म्हणाले. आता पुढच्या सायकलच्या आधी नीट समजून घ्यायचं आहे. आल्याचा खरंच उपयोग होतो का? ओलं द्यायचं की सुंठ? कॅप्सूल मिळतात त्या चालतात का? किमोच्या किती आधीपासून द्यायचं? बाकी त्यांना रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे, नवीन काही नाही.

पारिजात:

आमच्या मामांना आल्याचा तुकडा मीठ लावून चघळायला द्यायचो, खूप फरक पडायचा. नैसर्गिक गोष्ट आहे, नुकसान तर नक्कीच नाही. बिनधास्त द्या. बाबांना लवकर बरं वाटो.

तिखटमीठ:

बिनधास्त नको, बेताने. आणि उंबरठा, तुझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी परत वाच. रक्त पातळ ठेवायची गोळी म्हणजे नेमकी कोणती, ते इथे लिही. तोपर्यंत काढा बंद. त्यावर कोणी जाणकार बोलेलच. मी माझ्यापुरतं सांगते.

माझी किमो स्तनाच्या कर्करोगाची. एसी म्हणतात ती, लाल औषधाची. तीही मळमळीच्या बाबतीत सिस्प्लॅटिनच्याच पंगतीला बसते, त्यामुळे तू लिहिलेलं गुडघ्यांवर हात रोवून बसणं मला चांगलं ठाऊक आहे. बाहेरच्याला वाटतं, उलटी झाली नाही म्हणजे ठीक आहे. अगं, उलटी झाली की निदान घटकाभर मोकळं वाटतं. ही नुसती मळमळ दिवसभर मानेवर बसून असते, आणि ती कोणाला दिसत नाही म्हणून तिची नोंदही होत नाही. डॉक्टर विचारतात "उलट्या?" आपण सांगतो "नाही." संपलं. बाबा खोटं बोलत नाहीयेत, पण त्यांना नेमका प्रश्न कोणी विचारत नाहीये.

पहिल्या दिवशी ते भांडत होते, जेवले, जागले, त्यातलं बरंचसं श्रेय स्टिरॉइडचं असणार. मळमळीसाठी डेक्सामेथासोन देतात, आणि पेमेट्रेक्सेड असेल तर अंगावर पुरळ येऊ नये म्हणूनही आदल्या दिवसापासून देतात. त्याने भूक लागते, झोप उडते, माणूस तरतरीत दिसतो. त्याचा जोर ओसरला की अंगातली सगळी हवा जाते. मी तर त्या पहिल्या रात्री कपाटं आवरायचे. घरचे खूश व्हायचे, की हिला काही त्रासच नाही.

आता आलं. हो, मला उपयोग झाला. पण काढ्याचा नाही. काढा मीही सुरुवातीला प्यायले होते आणि नरड्यापासून पोटापर्यंत आग झाली होती. एकतर स्टिरॉइडने आधीच पित्त वाढलेलं असतं, त्यात रिकाम्या पोटी आटवलेलं आलं. मला चाललं ते हे: आल्याचं साल काढून पातळ चकत्या करायच्या, उकळतं पाणी त्यावर ओतून झाकून ठेवायचं, गाळायचं आणि पूर्ण गार करायचं. फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं. रंग जेमतेम पिवळसर, चव जेमतेम कळेल इतकी. गरम वस्तूचा वास वर येतो आणि वासानेच निम्मी मळमळ होते. म्हणून गार, झाकणाच्या पेल्यात, स्ट्रॉने, एका वेळी एकच घोट. पेला संपवायचा आग्रह नाही. शेजारी ठेवायचा आणि विसरून जायचं. धातूच्या पेल्याने तोंडातली ती लोखंडी चव आणखी जाणवायची, म्हणून काचेचा घेतला होता.

आलं चिरायचं काम माझ्यासमोर कधी केलं नाही. किसताना जो झणका सुटतो तो बरा असलेल्या माणसाला छान वाटतो. मला नाही वाटायचा.

आणखी दोन गोष्टी. तोंड आलं असेल तर आलं अजिबात नाही. किमोनंतर काही दिवसांनी तोंडात फोड येतात, त्यावर आल्याचा एक थेंब लागला तरी डोळ्यांतून पाणी येतं. पारिजात, तुमच्या मामांना तुकडा चघळता आला, छानच. मला त्या दिवसांत चघळायला दिला असता तर मी तो देणाऱ्याच्या अंगावर फेकला असता. दुसरं म्हणजे पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना आलं ताजं, टणक, स्वच्छ धुऊन साल काढलेलं हवं. फ्रीजच्या तळाशी पडलेला मऊ, बुरशीचा ठिपका असलेला तुकडा "तेवढा भाग कापून" वापरायचा नाही. पाणीही रोजचं रोज नवीन.

एवढं सगळं सांगूनही माझं मत हेच की आल्याने मळमळ थोडी हलकी होते, जात नाही. माझी गेली ती डॉक्टरांनी औषध बदलल्यावर.

गोळीबार:

नावावर जाऊ नका, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिखटमीठ यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. रक्त पातळ करणारी गोळी "नवीन काही नाही" या सदरात मोडत नाही. आल्यातल्या घटकांमुळे प्लेटलेट्सचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचं, एकमेकींना चिकटणं थोडं कमी होऊ शकतं. माणसांवरच्या अभ्यासांत याबद्दल एकवाक्यता नाही, जेवणात चवीपुरतं पडणाऱ्या आल्याने सहसा काही बिघडतही नाही. पण रोज ग्रॅमच्या हिशेबात सुंठ किंवा आल्याचा अर्क देणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात किमोने प्लेटलेट्स कमी होतात. आधीच रक्त पातळ, प्लेटलेट्स कमी आणि वरून आलं, ही जोडी मी कोणालाही आपल्या जबाबदारीवर सुरू करायला सांगणार नाही. गोळीचं नाव कळवा.

आल्याचा उपयोग होतो का, या प्रश्नाला "होतो" आणि "होत नाही" या दोन्ही बाजूंचे चांगले पुरावे आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ५७६ रुग्ण. सगळ्यांना मळमळीचं नेहमीचं औषध होतंच. शिवाय कोणाला आल्याची कॅप्सूल, कोणाला तशीच दिसणारी नकली. दिवसाला अर्धा, एक किंवा दीड ग्रॅम, किमोच्या ३ दिवस आधीपासून एकूण ६ दिवस. आलं घेणाऱ्यांची पहिल्या दिवशीची मळमळ कमी भरली. गंमत म्हणजे सर्वांत चांगला परिणाम अर्ध्या आणि एक ग्रॅमला दिसला, दीड ग्रॅमला नाही. जास्त म्हणजे जास्त चांगलं, असं इथे चालत नाही. पण त्यात बहुतेक सगळ्या स्त्रिया होत्या आणि बहुतेकींना स्तनाचा कर्करोग होता. तुमच्या वडिलांचं प्रकरण वेगळं आहे. इटलीत खास सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांवरच आल्याचा अर्क वापरून अभ्यास झाला, २०१७ चा. त्यात एकंदर रुग्णांमध्ये नकली गोळीपेक्षा फरक दिसला नाही.

त्याआधी २००९ मध्ये १६२ रुग्णांवर, दिवसाला १ आणि २ ग्रॅम देऊन केलेल्या अभ्यासातही फायदा दिसला नव्हता. उलट अप्रेपिटंट नावाचं औषध आणि आलं दोन्ही घेणाऱ्यांना, नुसतं अप्रेपिटंट घेणाऱ्यांपेक्षा पहिल्या दिवशी मळमळ जास्त झाली. ते का झालं, हे त्यातून सिद्ध झालेलं नाही, पण तुमच्या वडिलांना अप्रेपिटंट दिलं असेल, आणि सिस्प्लॅटिनबरोबर ते बहुधा देतातच, तर हे डॉक्टरांच्या कानावर घालण्यासारखं आहे. ३ दिवसांच्या कॅप्सूल असतात, पहिली १२५ मिलिग्रॅमची, मग ८० च्या दोन. घरातल्या औषधांच्या पिशवीत बघा.

आता तुमच्या खऱ्या तक्रारीकडे येतो. पहिला दिवस छान आणि दुसऱ्या दिवसापासून हाल, याला कारण आहे. उलटीच्या केंद्राला जाणारी दोन दारं समजा. किमोचं औषध शरीरात गेल्यावर आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूची टोकं चेतवतं आणि निरोप मेंदूत पोचतो. हे पहिलं दार, पहिल्या चोवीस तासांचं. ऑन्डानसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन ही औषधं ते बंद करतात. आल्यातले जिंजेरॉल आणि शोगाओल हे घटकही प्रयोगशाळेत त्याच दाराला टेकण लावताना दिसतात, पण औषधाच्या मानाने फारच हलकी. दुसरं दार मुख्यतः मेंदूत, सब्स्टन्स पी नावाच्या रसायनाचं. ते उशिरा उघडतं आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत उघडं राहू शकतं. सिस्प्लॅटिन यासाठी बदनामच आहे. या दारावर ऑन्डानसेट्रॉनचा फारसा उपयोग नाही आणि आल्याचा तर त्याहून नाही. तिथे अप्रेपिटंट, डेक्सामेथासोन आणि हल्ली रात्री झोपताना ओलान्झापीन लागतं. ओलान्झापीन मूळचं मानसिक आजारांचं औषध, त्यामुळे पाकिटातला कागद वाचून लोक घाबरून परत घेऊन येतात. मळमळीवर ते फार चांगलं चालतं. झोप येते, म्हणून रात्री.

वडिलांना घरी नेमकं काय काय दिलंय ते बघून सांगा. आणि शौचाला होतंय का, तेही विचारा. ऑन्डानसेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं आणि पोट साफ नसलं की मळमळ वाढते. मग माणूस त्याच गोळीची आणखी एक घेतो, आणि पोट आणखी घट्ट.

उंबरठा:

बापरे. पिशवी उपसून बसलेय. रक्त पातळ करायची गोळी वॉर्फरिन आहे. हृदयाची झडप बदलली होती तेव्हापासून. अप्रेपिटंटच्या कॅप्सूल दिल्या होत्या, तिन्ही संपल्या आहेत. ऑन्डानसेट्रॉन "गरज लागल्यास" लिहिलंय आणि बाबा ती दिवसातून तीनदा घेत होते. ओलान्झापीन नाही. शौचाचं विचारलं तर आधी ओरडले, मग सांगितलं की किमोपासून धड झालेलंच नाही.

गोळीबार, तुम्ही लांबून बघितल्यासारखं सांगितलंत.

गोळीबार:

रोज काउंटरवर हेच बघतो, त्यात माझं कौतुक नाही.

वॉर्फरिन म्हणजे काढा, सुंठ, कॅप्सूल काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्याहून महत्त्वाचं, अप्रेपिटंटमुळे वॉर्फरिनचा परिणाम काही दिवसांनी कमी होतो. म्हणजे आल्याची काळजी रक्त जास्त पातळ होण्याची आणि या औषधाची काळजी उलट दिशेची. कृत्रिम झडप असलेल्या माणसाला दोन्ही परवडणारं नाही. म्हणून प्रत्येक सायकलला अप्रेपिटंट सुरू झाल्यावर दोन आठवडे, विशेषतः सातव्या ते दहाव्या दिवसात, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, तपासायला सांगतात. वॉर्फरिन लिहून देणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरांना किमो सुरू झाल्याचं ठाऊक आहे का? नसेल तर उद्याच सांगा. ही एका फोनची गोष्ट आहे. स्वतःहून गोळी कमीजास्त मात्र करू नका.

पारिजात:

वॉर्फरिनचं माझ्या लक्षातच आलं नाही. आमच्या मामांना तसलं काही नव्हतं. एक विचारू का, ज्यांना रक्त पातळ करायची गोळी नाही त्यांनी ओलं घ्यावं की सुंठ? आमच्याकडे आता वहिनीची किमो सुरू होणार आहे.

गोळीबार:

दोन्ही चालतं, फक्त माप वेगळं. ओल्या आल्यात साधारण चार पंचमांश पाणीच असतं, म्हणजे ढोबळमानाने १ ग्रॅम सुंठ म्हणजे ५ ग्रॅम ओलं आलं. सुंठीची पूड चहाच्या चमच्याने सपाट अर्धा घेतली तर १ ग्रॅमच्या आसपास भरते. वाळताना जिंजेरॉलचं काही प्रमाणात शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं, म्हणून सुंठ घशाला जास्त लागते. बहुतेक अभ्यास सुंठीच्या कॅप्सूलवर झालेत, कारण माप नेमकं ठेवता येतं आणि चव लपते. दुकानात मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये मात्र नेमकं किती आणि काय आहे याची खात्री कंपनीगणिक बदलते. पाकिटावर नुसतं "आलं" लिहिलंय की अर्क, ते बघा. अर्काचे १०० मिलिग्रॅम आणि पुडीचे १०० मिलिग्रॅम एक नाहीत.

आणि आल्याचं म्हणून विकलं जाणारं फसफसतं पेय आणू नका. बऱ्याचदा त्यात नुसती चव असते, आलं नसतं. गॅसने पोट फुगतं ते वेगळंच.

वहिनींना पित्ताशयात खडे असतील, ॲसिडिटी फार असेल, प्लेटलेट्स कमी असतील किंवा मध्ये शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी डॉक्टर. किमोची गोळी तोंडाने घेत असतील तरी आधी डॉक्टर. आणि कोणत्याही परिस्थितीत मळमळीचं लिहून दिलेलं औषध बंद करून त्याऐवजी आलं नाही. ही बदली करणारे खूप भेटतात. "गोळ्या किती घ्यायच्या, त्यापेक्षा घरचं बरं" म्हणतात आणि दोन दिवसांनी सलाईन लावून घ्यायला जातात.

तिखटमीठ:

त्या शेवटच्या वाक्यावर माझं अनुमोदन, दोन्ही हात वर करून.

उंबरठा, बाबांसाठी एक युक्ती. "मळमळतंय का" विचारू नकोस. त्याला "ठीक आहे" हेच उत्तर येतं. "शून्य ते दहामध्ये किती?" असं विचार आणि सकाळ-संध्याकाळ वहीत लिही. शेजारी किती पाणी गेलं, लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची, शौचाला झालं की नाही, आणि कोणती गोळी किती वाजता. माझी वही बघून डॉक्टरांनी एका मिनिटात औषध बदललं. त्याआधी मी तोंडाने सांगत होते तेव्हा "थोडं होतंच" एवढ्यावर भागत होतं. पुरुष माणसं आकड्यांत बोलायला तयार होतात, असा माझा अनुभव आहे. "ढवळतंय" म्हणायला लाज वाटते, "सात" म्हणायला नाही.

गोळीबार:

आणि सिस्प्लॅटिनच्या रुग्णाने पाणी पोटात न टिकणं अंगावर काढायचं नसतं. ते औषध मूत्रपिंडांना जड जातं, शरीर कोरडं पडलं की आणखी जड. दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी फार कमी किंवा गडद होत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, उलटीत किंवा शौचात रक्त किंवा काळेपणा दिसला, पोट फुगून दुखतंय आणि वायूही सरत नाहीये, किंवा ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर थेट फोन. रात्र असली तरी.

उंबरठा:

सगळ्यांचे आभार. इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण धावपळ होती.

दोन्हीकडे फोन केले. हृदयाच्या डॉक्टरांना किमोचं माहीतच नव्हतं. आयएनआर केला, तो खाली आलेला निघाला, त्यांनी डोस बदलून दिला आणि आता प्रत्येक सायकलनंतर तपासणीची तारीख आधीच ठरवून दिली आहे. कर्करोगाच्या डॉक्टरांना वही दाखवली. बाबा स्वतःच म्हणाले, "तिसऱ्या दिवशी आठ होतं." मी बघतच राहिले. दुसऱ्या सायकलला रात्रीचं ओलान्झापीन सुरू केलं आणि शौचाचं औषध पहिल्या दिवसापासून दिलं. आल्याचं विचारलं तर म्हणाले, जेवणात नेहमी पडतं तेवढं पडू दे, वेगळं काही नको.

या वेळी तिसऱ्या दिवशी तीन. एकदा चार. पेंगुळलेले असतात, पहिल्या दिवशी तर बोलता बोलता झोपले, पण खुर्चीत वाकून बसणं नाही. तिखटमीठताई, गार पाणी झाकणाच्या पेल्यात ही तुमची युक्ती आलं न घालताही चालली. लिंबाची एक चकती टाकते.

आता नवीनच प्रकार. किमोला जायची पिशवी भरायला घेतली की बाबांना मळमळायला लागतं. अजून औषध टोचलेलंही नसतं. त्यांना स्वतःलाच ते हास्यास्पद वाटतं, म्हणून चिडतात. यावर तरी आलं चालेल का, नुसतं वासापुरतं?

तिखटमीठ:

हास्यास्पद अजिबात नाही, आणि मनाचे खेळही नाहीत. शरीर शिकतं. मला दवाखान्याच्या लिफ्टच्या वासाने व्हायचं, किमो संपल्यावरही कितीतरी काळ. आधीच्या सायकलची मळमळ जितकी वाईट, तितकं हे होण्याची शक्यता जास्त. म्हणून पहिल्यापासून औषध नीट असावं लागतं. आता दुसरी सायकल बरी गेली आहे, अशाच आणखी गेल्या तर हे कमी होईल. डॉक्टरांना सांग, आदल्या रात्री आणि सकाळी घ्यायची लोराझेपामसारखी गोळी देतात काही जणांना. पण ओलान्झापीनही चालू आहे आणि दोन्हीने झोप येते, त्यामुळे घरात कोणाची तरी उरलेली आहे म्हणून देऊ नकोस. श्वासाचे, अंग सैल सोडायचे व्यायामही उपयोगी पडतात. पिशवी तू त्यांच्या नजरेआड भर. कपडे दुसरे घाल, रस्ता दुसरा घे, जाताना कानात काहीतरी लावून दे.

आल्याचा वास मात्र मुळीच देऊ नकोस. मी हे आधी लिहायला हवं होतं की काय, पण तेव्हा विषय निघाला नव्हता. किमोच्या आसपास जी ठळक चव किंवा वास असतो, शरीर मळमळीचा दोष त्याच्यावर टाकतं. १९७८ साली यावर एक अभ्यास झाला होता. किमो घ्यायच्या आधी लहान मुलांना एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढे त्यातली बरीच मुलं ते आइस्क्रीम नको म्हणू लागली. आइस्क्रीमने काहीच केलेलं नव्हतं. माझी एक पलंगशेजारीण होती, ती आल्याच्या गोळ्या किमोच्या खुर्चीतच चोखायची. आता तिच्या घरात आलं येत नाही.

म्हणून त्या दिवशी आणि आदल्या दिवशी बाबांना त्यांच्या आवडीचं काहीही करून घालू नकोस. कितीही वाटलं तरी. फिकं, वास नसलेलं, फारसं आवडतं नाही असंच द्यायचं. त्याचा तिटकारा बसला तरी कोणाचं काही जात नाही.

उंबरठा:

अरे देवा. उद्यासाठी मी नेमकं त्यांच्या आवडीचंच करायला घेतलं होतं. गॅस बंद केला. ते पुढच्या आठवड्यात.

पारिजात:

वहिनीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग किमोच्या दिवशी सगळ्यांनी दुधी करा, तसाही मला आवडत नाही.

गोळीबार:

वहिनींना औषधांची यादी घेऊन पहिल्या तारखेच्या आधीच डॉक्टरांना भेटायला सांगा. जीवनसत्त्वं, पूड, अर्क, "ते काही औषध नाही" असं वाटणारं सगळं त्या यादीत हवं.